माणिक : हे नाव मुलीचं की मुलाचं?

वडगावची सून

नमस्कार मंडळी. बाळंतपण होऊन आज आठवा दिवस. मुलगी झालीय, येत्या रविवारी बारसं. मघा नक्षत्राचा पहिला चरण म्हणून अक्षर 'मा' आलंय. मानसी, माही, मायरा, मान्यता सगळं घरात बोलून झालं. माझ्या मनात एकच नाव आहे. ते मी कुठं शोधलेलं नाही, आमच्या माळ्यावरच होतं.

दोन महिन्यांपूर्वी बाळाच्या पाण्यासाठी म्हणून जुनी तांब्याची घागर खाली काढली. चिंच-मीठ लावून घासताना गळ्याखाली टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं वर आली : 'चि. माणिक हिस मामाकडून'. सासूबाईंना विचारलं, त्यांना ठाऊक नव्हतं. सासरे बाजूला पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "आईचं माहेरचं नाव ते."

आजेसासूबाईंना आम्ही सगळे लक्ष्मीअक्का म्हणूनच ओळखतो. रेशनकार्डावर लक्ष्मीबाई, उताऱ्यावर लक्ष्मीबाई, भिंतीवरच्या फोटोखाली लक्ष्मीबाई. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि जुनं गेलं. राहिलं ते त्या घागरीवर तेवढं. मी हात तसाच ठेवून बराच वेळ बघत बसले होते.

मला मुलीचं नाव माणिक ठेवायचंय. सासूबाईंचा विरोध नाही, पण त्यांच्या डोक्यात माणिक म्हणजे माणिकराव. त्यांच्या मामेभावाचं तेच नाव. "पोरीला पुरुषाचं नाव लावलीस म्हणतील," म्हणतात. ह्यांचं म्हणणं, दाखल्यावर कन्नडमध्ये नीट लिहून येईल का ते आधी बघ.

अर्थ लाल रत्न, एवढं मला माहीत आहे. शब्द मूळचा कुठला? आपल्याकडं हे नाव नक्की कुणाचं? बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणी भागात तुमच्या घरात कुणी माणिक आहे का?

अथणीची अक्का

आहेत की ओ. माझ्या थोरल्या जाऊबाई माणिक. घरात कन्नड-मराठी दोन्ही चालतं, म्हणून कुणी माणिकव्वा म्हणतं, कुणी माणिकाक्का. त्यांच्याच माहेरी गल्लीत एक माणिकप्पा होते. कन्नडमध्ये हे सोपं असतं बघा, मागं अप्पा लावला की बाप्या, अव्वा लावली की बाई. यल्लप्पा-यल्लव्वा, मल्लप्पा-मल्लव्वा, निंगप्पा-निंगव्वा, बसप्पा-बसव्वा. मूळ नाव दोघांचं एकच. आपल्या मराठा घरांतसुद्धा सौंदत्तीच्या आईवरनं यल्लप्पा आणि यल्लव्वा दोन्ही ठेवतातच की. त्यामुळं आम्हाला ह्यात काही वेगळं वाटत नाही. ठेवा बिनधास्त.

खानापूरकर

ताई, आधी अभिनंदन. पण मी थोडं विरुद्ध बोलतो, राग नसावा.

माणिक म्हटलं की मराठी माणसाला पुरुषच आठवतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं मूळ नाव माणिक. कवी ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे. गावोगावचे माणिकराव तर मोजायला नकोत. माझ्या बहिणीचं नाव किरण आहे. इकडं कर्नाटकात किरण म्हणजे मुलगाच समजतात. दहावीच्या अर्जापासून बँकेच्या खात्यापर्यंत तिच्या नावापुढं 'श्री' पडलेलं आम्ही किती वेळा दुरुस्त करून घेतलंय ते आम्हालाच ठाऊक. एकदा परीक्षेला तिचा नंबर मुलांच्या ओळीत आला आणि ती पोर रडत घरी आली. नाव सुंदर आहे, ह्यात वाद नाही. पण निस्तरावं लागतं पोरीला, आपल्याला नाही.

तिसरी गल्ली

माणिक वर्मा विसरलात का ओ खानापूरकर? पहाटे रेडिओ लागला की आमच्या घरी त्यांचा आवाज. जन्म 1926, किराणा घराण्याची तालीम, 1974 साली पद्मश्री. माझ्या आईच्या पिढीला माणिक म्हटलं की बाईच आठवते, पुरुष नाही. ज्याच्या कानावर जे आधी पडलं ते त्याला खरं वाटतं, एवढंच.

निपाणीचे गुरुजी

मी पस्तीस वर्षं मराठी शिकवलं. ह्या नावावर जरा सविस्तर लिहितो, कारण ताईंनी विचारलेला प्रश्न फार चांगला आहे आणि त्याचं उत्तर व्याकरणात सापडतं.

शब्दाचं मूळ संस्कृत 'माणिक्य', त्याच्या पोटात 'मणी'. प्राकृतात त्याचं 'माणिक्क' झालं आणि तिथून मराठीत माणिक, गुजरातीत माणेक, हिंदी-बंगालीत मानिक. पारशांमधले माणेकजी आणि माणेकबाई, माणेकशॉ हे आडनाव, सगळी ह्याच घरातली. तमिळमध्ये माणिक्कम हे पुरुषाचं नाव. माणिक्कवाचकर नावाचे थोर शैव संतकवी तिथं होऊन गेले, म्हणजे ज्यांची वाणी माणकासारखी ते. कन्नडमध्ये माणिक्य आणि माणिक दोन्ही चालतात. बसवण्णांचं जे वचन इकडं शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं, त्यात बोलणं कसं असावं ते सांगताना आधी मोत्यांचा हार येतो आणि लगेच माणिक्याची दीप्ती. म्हणजे सीमेच्या दोन्ही अंगांना हा शब्द सारखाच घरचा. कुणाकडून कुणी उसना घेतला म्हणायला जागा नाही, दोघांनी तो आपल्या आजीकडून घेतलाय.

आता मुलगा की मुलगी. मराठीत रत्नांची लिंगं बघा. तो हिरा, तो मोती, तो पुष्कराज. पण 'ते' माणिक. माणिक नपुंसकलिंगी आहे. आता आपल्याकडची बाया-बाप्यांत दोन्हीकडं चालणारी नावं आठवा : कमल, कुसुम, सुमन, रतन, मंगल. मुळात बहुतेक नपुंसकलिंगी शब्द. ते कमळ, ते कुसुम, ते रत्न. हीच कमल आणि सुमन महाराष्ट्रात बायकांची नावं, उत्तरेत गेलं की पुरुषांचीही. शब्द स्वतः कुणाच्याच बाजूचा नसतो, म्हणून ज्या घरात जन्म होतो तिथं त्याला तो किंवा ती चिकटते. हा काही कायदा नव्हे. खानापूरकरांनी लिहिलेला किरण पुल्लिंगी असून दोन्हीकडं फिरतो. पण कल स्पष्ट दिसतो.

अजून एक गंमत सांगतो, वर्गात मी हे नेहमी सांगायचो. रत्न असेल तर आपण म्हणतो माणकाचा रंग, माणकाची अंगठी, हिरे-माणकं. आणि माणूस असेल तर माणिकचा शर्ट, माणिकची वही. दगडाचं सामान्यरूप होतं, माणसाचं होत नाही. कमळाचा देठ, पण कमलचा डबा. नाव झालं की शब्द जपून ठेवतो आपण, त्याला वाकवत नाही.

म्हणून सासूबाईंना सांगा, ह्या शब्दाला लिंग तुमची नात देईल. 'माणिक आली' असं एकदा तोंडात बसलं की झालं. कन्नड शेजारीण 'माणिक बंदळु' म्हणेल. क्रियापद सगळं सांगतं, नावावर तो भार टाकायची गरज नाही.

भालकीकर

मी मूळचा बीदरकडचा, नोकरीमुळं बेळगावात पंधरा वर्षं झाली. आमच्याकडं माणिक म्हटलं की पहिलं हात जोडले जातात. हुमनाबादजवळ माणिकनगर आहे, श्री माणिकप्रभूंचं समाधिस्थान. जन्म 1817 सालच्या दत्तजयंतीचा, समाधी 1865. सगळ्या मतांचा सारखा मान ठेवणारा सकलमत संप्रदाय त्यांचाच. मराठी बोलणारे, कन्नड बोलणारे, तेलुगू आणि उर्दू बोलणारे, सगळे तिथं एका रांगेत उभे राहतात. त्यांची पदंही अनेक भाषांत आहेत.

ह्या एका नावामुळं आमच्या भागात घरटी माणिक निघतो. माणिकराव, माणिकप्पा, माणिकम्मा. माझ्या चुलत आजीचं नाव माणिकम्मा आणि तिच्या भावाचं माणिकप्पा होतं. दोघं नवसाचे. आईनं प्रभूंना बोलल्याप्रमाणे दोघांनाही तेच नाव ठेवलं, मागचं शेपूट तेवढं वेगळं. घरात हाक मारताना कधी घोटाळा झालेला नाही म्हणे, कारण तिला सगळे अम्मा आणि त्याला अप्पाच म्हणायचे.

वडगावची सून

गुरुजी, तुमचं लिहिलेलं सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. "ते माणिक" म्हणताना त्या थांबल्या, मग दोनदा स्वतःशी म्हणाल्या. काही बोलल्या नाहीत, पण मायरा वगैरे नावं आजपासून बंद झालीत.

भालकीकर दादा, प्रभूंचं मला अजिबात डोक्यात आलं नव्हतं. सासऱ्यांना विचारलं, त्यांच्या आजोळी कुणी माणिकनगरला जायचं का. ते म्हणाले, आजोळचं एवढंच आठवतं की आईचे मामा तंबाखूच्या गाड्या घेऊन फिरायचे. तोच घागर देणारा मामा असणार.

आता कन्नडचं सांगा कुणीतरी.

चिकोडीचा माणिक

ताई, हे माझंच नाव, आणि मी पुरुष. म्हणून कन्नडचं मीच सांगतो.

नाव ठेवा, फक्त एका अक्षराची काळजी घ्या. मराठीत आपण 'माणिक' लिहितो आणि शेवटचा क आपोआप अर्धा म्हणतो. कन्नडमध्ये तसं होत नाही. तिथं शेवटचं अक्षर जसं लिहिलंय तसं पूर्ण म्हणतात. म्हणून तिथं नुसतं मा-णि-क लिहिलं तर वाचणारा 'माणिका' असं शेवटी अ लावून वाचणार. गणेशचा गणेशा, रमेशचा रमेशा होतो तो ह्यामुळंच. त्यात त्याची किंवा आपली चूक काही नाही, दोन लिप्यांची रीत वेगळी. अर्धा म्हणायचा असेल तर कन्नडमध्ये क चा पाय मोडावा लागतो.

माझ्या दाखल्यावर तो मोडला नव्हता. पुढं कन्नडवरून इंग्रजी करताना शेवटी 'ए' जोडला गेला. शाळेत मास्तरांनी पहिल्या दिवशी हजेरी घेताना मुलींच्या यादीत माझं नाव वाचलं. मी उठून उभा राहिलो, मुलींच्या बाकांकडं सगळी तोंडं, आणि मी मुलांच्या बाकावर. मास्तर चांगले होते. त्यांनी लगेच खडूनं फळ्यावर दोन्ही लिप्यांत नाव लिहिलं, कन्नड क खाली पाय मोडला आणि म्हणाले, "आता हा आमचा माणिक." तो फळा मला अजून दिसतो. पण कागद दुरुस्त करायला वडलांच्या चार रजा गेल्या, आणि एका कार्डावर अजून तो 'ए' आहेच.

तुमची मुलगी आहे, तिला 'माणिका' झालं तरी कुणी मुलगा समजणार नाही हे खरं. पण मग घागरीवरचं नाव राहणार नाही.

अथणीची अक्का

माणिकभाऊ, वाचून डोळ्यात पाणी आलं. मास्तर असावेत तर असे.

मार्कंडेयकाठ

मी दाखल्यांची कामं जवळून बघितलीयत, म्हणून थोडं उपयोगाचं सांगतो. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, ती बहुतेक दवाखान्यातूनच जाते, आणि ती बाळाच्या नावाशिवायही होते. नाव नंतर घालता येतं. नोंदणीपासून 12 महिन्यांत घातलं तर फी लागत नाही, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. तेव्हा बारशाच्या गडबडीत कुणाच्या हाती तोंडी सांगून पाठवू नका. तुम्ही स्वतः कन्नड आणि इंग्रजी दोन्ही एका कागदावर ठळक लिहून न्या, आणि टाईप झालं की छापण्याआधी पडद्यावर बघायला मागा. एकदा आईवडलांचं आणि बाळाचं नाव पहिल्या कागदावर बरोबर बसलं की पुढचे सगळे त्याच्यावरून निघतात. चूक बसली तर तीही तशीच निघते.

गावाचंच बघा ना. 1 नोव्हेंबर 2014 ला कागदावर बेळगावचं बेळगावी झालं, आणि तेव्हापासून एकेका घरात दोन स्पेलिंगचे दाखले आहेत. आपल्या भागातल्या माणसाला अक्षराची किंमत वेगळी सांगायला नको.

सराफ कट्टा

आमचा पिढीजात सोन्या-चांदीचा व्यवसाय, शहापूरला. अर्थाकडं कुणी फारसं गेलं नाही म्हणून लिहितो.

माणिक म्हणजे कुरुंदाचा लाल प्रकार. त्याच दगडाचा निळा तो नीलम. दोघं सख्खे भाऊच म्हणा, अंगातल्या चिमूटभर क्रोमियममुळं हा लाल. कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल, हिरा 10 तर हा 9. आमच्याकडं बारीक माणकाला चुनी म्हणतात. जुन्या नथीत मोत्यांच्या मधोमध जो लाल ठिपका असतो तो खडा म्हणजे खरं तर माणकाची जागा. आता बहुतेक नथींत तिथं साधा लाल खडा असतो, पण एखादी आजी जुनी नथ दुरुस्तीला घेऊन येते आणि दिव्यासमोर धरली की आतून निखारा फुंकल्यासारखी चुनी पेटते. तेव्हा सांगावं लागतं, आजी, हे बदलू नका.

नथ झाली बायकांची. आता पुरुषांचं. तुमच्या सासऱ्यांकडं किल्लीचं एचएमटीचं जुनं घड्याळ असेल तर तबकडीवर '17 ज्वेल्स' लिहिलंय का बघा. ते 17 म्हणजे आतल्या चाकांचे दांडे ज्यात फिरतात ते माणकाचे बारीक तुकडे. कारखान्यात बनवलेलं माणिक, पण माणिकच. कठीण असतं, झिजत नाही, म्हणून ते वापरतात. 1902 साली फ्रान्समध्ये व्हर्नुई ह्यांनी भट्टीत माणिक बनवायची रीत जाहीर केली आणि पुढं घड्याळांत त्याचा सुकाळ झाला. तेव्हा बायकांच्या नाकात आणि पुरुषांच्या मनगटात, दोन्हीकडं हे आहेच.

आणि एक. मघाचा पहिला चरण म्हणजे सिंह रास. सिंहेचा स्वामी रवी आणि रवीचं रत्न माणिक. तुम्ही अक्षरावरून निघालात आणि घागरीवरून आलात, पण पत्रिकेतही तेच बसतंय. मी पत्रिकेवर पोट भरणारा माणूस नाही, तरी हे वाचून मला बरं वाटलं.

खानापूरकर

मी पुन्हा आलो. सगळं वाचलं. आधी दोन नावं दिली होती, तुकडोजी महाराजांचं आणि ग्रेस ह्यांचं. रात्री लक्षात आलं, दोघांनाही जग माणिक म्हणून ओळखतच नाही. एकाला गुरूंनी नवं नाव दिलं, दुसऱ्यांनी स्वतः घेतलं. आणि ताईंच्या आजेसासूबाईंचं सासरी बदललं. तिघांचंही माणिक मागं पडलं. माझा मुद्दा पुरुषाच्या नावाचा होता, तो मी सोडतो. अर्जावरच्या त्रासाचा मुद्दा सोडत नाही, कारण बहिणीचं रडणं मी बघितलंय. ताई, तिला लहानपणापासून नाव पूर्ण सांगायला शिकवा, कुणी 'श्री' लिहिलं तर तिथल्या तिथं दुरुस्त करून घ्यायला शिकवा. माझी बहीण आता तसंच करते, आणि तिला तिचं नाव फार आवडतं. हे मी कालच तिला विचारलं. आधी कधी विचारलं नव्हतं.

तिसरी गल्ली

हे विचारलंत ते बरं केलं, दादा.

वडगावची सून

मंडळी, बारसं झालं. उशीर झाला लिहायला, पोर रात्री झोपू देत नाही.

घागर पाळण्याशेजारी ठेवली होती, घासून लख्ख. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या करत बाळाला पाळण्याखालून वरून फिरवलं. नणंदबाईंनी कानात 'कुर्र्र' करून नाव सांगितलं आणि मग मोठ्यानं म्हणाल्या, माणिक. शेजारच्या कन्नड काकू लगेच म्हणाल्या, "चंद हेसरु," म्हणजे छान नाव, आणि त्यांनी सांगितलं की त्यांच्या आत्याचंही तेच. सासूबाई घुगऱ्या वाटत होत्या. गल्लीतल्या एका बाईंनी विचारलं, "माणिक? मुलाचं नाव न्हवं काय?" तर सासूबाई पातेलं खाली ठेवून म्हणाल्या, "ते माणिक. आमच्या सासूबाईंचं नाव आहे." त्यांनी आत्तापर्यंत सासूचं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं.

घड्याळ सापडलं. 17 ज्वेल्सच आहे. किल्ली दिल्यावर चाललं.

नावाचा अर्ज उद्या द्यायचाय. सासरे आठवीपर्यंत कन्नड शिकलेत. सकाळपासून वहीच्या मागच्या पानावर ते नाव लिहून बघतायत. चार ओळी झाल्यात. चारही ठिकाणी क चा पाय मोडलेला आहे.